गरम झाल्यावर पिकअप उचलत नाही: रोटरी डिझेल पंप बदलण्याआधी आणि बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो नेणारी डीआय इंजिनाची पिकअप, २०१२ सालची, रोटरी पंपाची (म्हणजे इंजिनाला प्रेशरने डिझेल देणारा फिरता पंप). पहाटे घरून निघताना अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. वाशीला माल उतरवून, आडत्याकडून पट्टी घेऊन तासाभराने सेल्फ मारला की इंजिन फिरत राहतं, उचलत नाही. चार हमालांनी धक्का मारला की लगेच चालू. परत येताना घाटात रिकामी गाडीसुद्धा ओढत नाही. मिस्त्री म्हणतो पंप गेला, बदलून टाका. पंप खरंच गेलाय का, दुरुस्त करावा की दुसरा टाकावा, आणि हे काम घरच्या घरी जमेल का?

भाऊ, तीस वर्षं माझं हेच काम चाललंय, पंप उघडणं आणि बेंचवर, म्हणजे पंप फिरवून तपासायच्या यंत्रावर, लावणं. तुमची लक्षणं वाचून माझाही पहिला अंदाज तुमच्या मिस्त्रीसारखाच आहे. पण अंदाजावर पंप उतरवायचा नसतो. ‘पंप गेला’ म्हणून दुकानात येणारे कितीतरी पंप टेस्ट बेंचवर ठणठणीत निघतात आणि गाडीवाला दोन दिवसांचं भाडं बुडवून तिथल्या तिथेच राहतो. जे खरोखर गेलेले असतात, ते क्वचितच नुसत्या वयाने जातात. त्यांना डिझेल मारतं. डिझेलातलं पाणी, डिझेलातला कचरा, डिझेलात मिसळलेलं रॉकेल. ते टाकीत तसंच ठेवून नवा पंप लावला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून माझं उत्तर लांबणार आहे, कारण पंप बदलणं हा त्यातला मधला भाग आहे.

आधी हा पंप समजून घ्या. आपल्याकडे ज्याला रोटरी म्हणतात त्यात चार सिलिंडरना मिळून एकच प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारा दट्ट्या, असतो. तो इंजिनाच्या निम्म्या वेगाने गोल फिरतो आणि फिरता फिरता कॅम प्लेटमुळे (उंचवटे असलेल्या तबकडीमुळे) दर फेऱ्याला चार वेळा पुढे-मागे होतो. फिरताना एकेका सिलिंडरची वाट उघडतो, पुढे सरकताना त्या वाटेने डिझेल ढकलतो. इंजिन २००० आरपीएमला असेल तर हा बिचारा मिनिटाला ४००० वेळा डिझेल मारत असतो. प्लंजर आणि तो ज्या पोलादी हेडमध्ये बसतो त्यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. आणि या पंपाला वंगण म्हणून इंजिन ऑइल मिळत नाही. पंपाचं पूर्ण पोट डिझेलने भरलेलं असतं, तेच त्याचं वंगण.

आता गरम झाल्यावरच का अडतो ते बघा. प्लंजर झिजला की फट वाढते. डिझेल गार असतं तेव्हा जरा जाड असतं, त्या फटीतून कमी निसटतं, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) उघडण्याएवढं प्रेशर तयार होतं. गाडी पाच तास चालून उभी राहिली की इंजिनाची धग पंपात उतरते, आतलं डिझेल पातळ होतं आणि फटीतून मागच्या मागे निसटतं. त्यात सेल्फवर इंजिन फिरतं जेमतेम दीड-दोनशे आरपीएमने, म्हणजे पंप त्याच्या निम्म्याने. प्लंजर इतका सावकाश सरकतो की डिझेलला निसटायला भरपूर वेळ मिळतो. धक्का मारला की इंजिन सेल्फपेक्षा जोरात फिरतं, निसटायला वेळ मिळत नाही, गाडी उचलते. तुमची लक्षणं या हिशोबात बसतात.

पण याच हिशोबात आणखी एक गोष्ट बसते, आणि ती बघायला कोणी थांबत नाही: सेल्फ. सेल्फचे बुश झिजले असतील किंवा बॅटरीची अर्थिंगची वायर गंजली असेल तर गरम इंजिनावर सेल्फ जड फिरतो. अशी गाडीही सकाळी चालू होते, दुपारी अडते, धक्क्याने उचलते. दोन्हीत फरक ओळखायला कान लागतो. सकाळी आणि दुपारी सेल्फचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, दोन्ही लागोपाठ ऐका. दुपारचा आवाज ओढल्यासारखा असेल तर पंपाला हात लावू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

आवाज सारखाच असेल तर फडक्याची परीक्षा करा. गाडी गरम होऊन अडली की इंजिन बंद असतानाच एक जाड फडकं गार पाण्यात भिजवून पंपाच्या हेडवर, म्हणजे जिथून चार पाईप निघतात त्या भागावर गुंडाळा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मध्ये एकदा फडकं परत भिजवा. मग सेल्फ मारा. दोन-तीन फेऱ्यांत उचलली तर हेड झिजलंय असं जवळजवळ पक्कं समजा. रस्त्यावरचे ड्रायव्हर यासाठी बाटलीभर पाणी ओततात. इंजिन चालू असताना तसं कधीही करू नका. बाहेरचं अंग एकदम आकसतं आणि दोन मायक्रॉनच्या फटीत फिरणारा प्लंजर जागीच धरतो. बरा होणारा पंप त्या एका बाटलीने भंगारात जातो.

घाटात न ओढण्याचं कारण मात्र वेगळं असू शकतं, ते पंपाच्या खात्यात आपोआप टाकू नका. फिल्टर शेवटचा कधी बदलला? टाकीचं झाकण उघडताना ‘स्स’ असा हवा ओढल्याचा आवाज येतो का? येत असेल तर झाकणाचं भोक बुजलंय आणि पंप पोकळीतून डिझेल ओढतोय. टाकीच्या आतली जाळी तुंबली तरी असंच होतं. या पंपाला डिझेल कुणी वरून ढकलत नाही, त्याच्या पोटातला व्हेन पंप, म्हणजे पात्यांचा छोटा पंप, स्वतः ते टाकीतून ओढून घेतो. म्हणून टाकी ते पंप या रस्त्यात कुठे चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. गाडीखाली एक थेंब दिसत नाही आणि मिस्त्री म्हणतो लाइन ठीक आहे. पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक नळी लावा, इंजिन चालू ठेवून रेस करा आणि नळीकडे बघा. सुईच्या टोकाएवढे बुडबुडे सतत येत असतील तर होज, फिल्टरचं रबर किंवा हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा पंप) हवा घेतोय. तुमची गाडी रात्रभर उभी राहून सकाळी लगेच लागते, म्हणजे डिझेल मागे टाकीत उतरत नाही. तरी बघून घ्या, फुकट काम आहे.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे कॅन. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात चांगल्या पेट्रोल पंपावरचं डिझेल, पंपाच्या वरच्या उंचीला घट्ट बांधायचा, इनलेट आणि रिटर्न दोन्ही नळ्या त्यातच सोडायच्या. नळ्या आणि कॅन एक्झॉस्टपासून लांब. टाकी, फिल्टर, लाइन सगळं बाजूला पडलं. अशा अवस्थेत गाडी जवळच्या चढावर घेऊन जा. ओढली, तर दुखणं पंपाच्या मागे, म्हणजे टाकी, फिल्टर किंवा लाइनमध्ये आहे. नाही ओढली, तर पंप, नोझल किंवा इंजिन. इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलेली गाडी बहुतेक उलट वागते, थंडीत सकाळी त्रास देते आणि गरम झाली की बरी चालते. तुमचं तसं नाही, म्हणजे इंजिनावर लगेच संशय नको. नोझल मात्र चारही काढून तपासून घ्या. मी नोझल तपासल्याशिवाय पंप बसवूच देत नाही.

आता समजा, सगळं बघून झालं आणि पंपच निघाला.

दुरुस्त की दुसरा? हे पंप उघडल्यावरच ठरतं, फोनवर कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नुसता गळत असेल तर सील किट पुरतं. हेड झिजलं असेल तर हेड बदलायचं आणि बेंचवर कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे डिझेलचं माप जुळवायचं. खर्चाचा मोठा वाटा त्या एकट्या हेडचा असतो, पण पंप पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. सोबत कॅम प्लेट आणि रोलर बोटाने चाचपून बघा, खड्डे लागले तर तेही बदला. पण बॉडीच खाल्ली असेल, म्हणजे शाफ्टच्या बुशमध्ये खेळ असेल किंवा ॲडव्हान्सचा (डिझेल मारायची वेळ पुढे-मागे करणारा) पिस्टन ज्या ॲल्युमिनियमच्या भोकात सरकतो ते भोक झिजलं असेल, तर त्या पंपावर पैसे घालू नका. तिथे दुसरा पंप.

दुसरा म्हणजे जुन्या बाजारातला असेल तर पंपावरची पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वाचायला शिका. आपल्याकडे अजून सगळे ‘मायको’चा पंप म्हणतात. १९५१ साली सुरू झालेली मायको ही बॉशचीच कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी नाशिकला मायको सर्कल मायको सर्कलच राहिलं. तर पट्टीवर ‘व्हीई ४/१२ एफ’ असं काहीतरी असतं आणि पुढे आकडे. व्हीई म्हणजे हा रोटरी प्रकार, ४ म्हणजे चार सिलिंडर, १२ म्हणजे प्लंजरचा व्यास मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे आतला वजनांचा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग), त्यानंतरचा आकडा पंपाचा ठरलेला वेग आणि त्यापुढचं एल किंवा आर हे अक्षर फिरण्याची दिशा. दिशा उलटी असलेला पंप दिसायला अगदी तसाच असतो, फ्लँजलाही (इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या कडेलाही) बसतो, आणि चालत नाही. प्लंजर ९ किंवा १० मिलिमीटरचा निघाला तर तो दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा. खालचा दहा आकडी नंबर तुमच्या पट्टीशी तंतोतंत जुळला तरच घ्या. ‘हा पण चालतो शेठ’ या वाक्यावर घेऊ नका. आणि जुना पंप घेतला तरी आधी बेंचवर लावून, गरम डिझेलवर सुरुवातीचं मारणं, म्हणजे सेल्फच्या वेगाला पंप किती डिझेल देतो ते डोळ्यांदेखत बघा. गार डिझेलवर तुमचा आत्ताचा पंपही पास होईल.

बेंचवर न जाता पंपाच्या मागचा फुल लोडचा स्क्रू थोडा पिळून देणारे लोक आहेत. गाडी दोन महिने गरम असतानाही उचलते, मालक खूश होतो. झिजलेल्या प्लंजरने जे गळतंय ते भरून काढायला ते डिझेल वाढवतात, पण वेग वाढला की गळती कमी होते आणि ते जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये जातं. काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट, शेवटी पिस्टन. त्या स्क्रूवर सील असतं ते याचसाठी. तुमच्या पंपावरचं सील तुटलेलं आहे का ते आजच बघा.

घरच्या घरी जमेल का? क्लच प्लेट किंवा टायमिंगचं काम स्वतः केलेलं असेल, पुलर (गिअर ओढून काढायचं हत्यार) आणि डायल गेज (मिलिमीटरचे बारीक भाग दाखवणारं सुईचं मापक) मिळत असेल, आणि एक पूर्ण दिवस हातात असेल, तर उतरवणं-बसवणं जमेल. पंप उघडायचा मात्र नाही. ते काम बेंचशिवाय होत नाही.

स्वच्छतेवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नवे पंप याच्यावाचून मरतात. इंजिन थंड करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, आणि एकही नट ढिला करण्याआधी ब्रश आणि डिझेलने पंप, पाईप, नोझलभोवतीची माती धुऊन काढा, हवेने सुकवा. पाईप सुटले की उघड्या तोंडांत फडक्याचा किंवा कॉटन वेस्टचा बोळा कोंबायची सवय आहे, ती सोडा. एका पंपाच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या (पाईप जिथे बसतो तिथल्या झडपेच्या) बैठकीवरून मी चिमट्याने एक सुती धागा काढला होता, पापणीच्या केसाएवढा. त्या धाग्यापायी तीन नंबरचं सिलिंडर महिनाभर मिसिंग करत होतं आणि गाडीवाल्याने मधल्या काळात दोन नोझल बदलले होते. प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, नाही मिळाल्या तर नवी, कोरी प्लॅस्टिकची पिशवी कापून रबर बँडने बांधा.

उतरवण्याआधी एक नंबर सिलिंडर टॉपला आणा, म्हणजे त्याचा पिस्टन सगळ्यात वर, तोही कॉम्प्रेशनच्या टॉपला. पुलीची किंवा फ्लायव्हीलची खूण दर दोन फेऱ्यांत दोनदा जुळते, त्यातली एक चुकीची. टॅपेट कव्हर काढून एक नंबरचे दोन्ही रॉकर हाताने हलतात का बघा. हलले तर बरोबर. पंपाच्या फ्लँजवर आणि टायमिंग केसवर आरपार एक बारीक रेघ मारून ठेवा आणि गिअरच्या जुळलेल्या दातांवर पांढरा रंग लावा. चारही पाईप क्लॅम्पसकट एकत्र काढा, वाकवून जागा करू नका. पंपाकडचे नट सोडताना खालच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या षटकोनाला दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तोच फिरतो आणि मग तिथून कायमचं पाझरतं. हेडवर ए, बी, सी, डी कोरलेलं असतं, कुठला पाईप कुठे ते लिहून चिकटवा. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो, पण मनातल्या क्रमापेक्षा कागदावरचा बरा.

गिअर शाफ्टच्या उतारावर घट्ट बसलेला असतो, मध्ये अर्धचंद्राकृती चावी. नट सोडल्यावर पुलरच लावायचा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारलात तर तो घाव सरळ कॅम प्लेट आणि रोलरवर जातो, आणि जुना पंप दुरुस्तीला द्यायच्या लायकीचा राहत नाही. ती चावी टायमिंग केसमध्ये पडली तर पूर्ण कव्हर उघडावं लागतं, म्हणून गिअरखाली आधीच स्वच्छ फडकं पसरून ठेवा, आणि काम झाल्यावर ते आठवणीने बाहेर काढा. नवा पंप बसवताना उलटं: चावी शक्यतो नवी, ओ-रिंग नवी, शाफ्टचा उतार कोरडा. उतारावर ग्रीस लावू नका. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच.

इनलेट आणि ओव्हरफ्लो (जास्तीचं डिझेल परत टाकीकडे सोडणारा) हे दोन बँजो, म्हणजे पोकळ, बोल्ट एकमेकांसारखेच दिसतात. ओव्हरफ्लोच्या बोल्टच्या डोक्यावर ‘आउट’ कोरलेलं असतं आणि आत टाचणीएवढं भोक असतं. उन्हाकडे धरून आरपार बघा, भोक दिसेल. ते बारीक भोक पंपाच्या पोटातलं प्रेशर राखतं. बोल्ट अदलाबदल झाले की नवाकोरा पंपही ओढत नाही, रेस नीट घेत नाही, आणि लोक पंप परत करायला निघतात. असा पंप घेऊन लातूरहून आलेल्या एका माणसाला मी बोल्ट बदलून पाच मिनिटांत परत पाठवलं आहे.

आणखी एक: पंप कोरडा फिरवायचा नाही. डिझेल हेच त्याचं वंगण आहे हे वर सांगितलंच. बसवण्याआधी इनलेटमधून गाळलेलं स्वच्छ डिझेल पोट भरेपर्यंत ओता, हाताने शाफ्ट फिरवा, परत ओता.

आता टायमिंग, म्हणजे डिझेल नेमक्या कोणत्या क्षणी मारायचं ते. फ्लँजवरची रेघ जुळवली की काम झालं असं समजणाऱ्यांच्या गाड्या नंतर माझ्याकडे येतात. रेघ जुन्या पंपाची होती, नव्या पंपाच्या आतले भाग केसभर वेगळे असतात. रेघ फक्त सुरुवातीची जागा दाखवते. हेडच्या मधोमध, चार पाईपांच्या मध्ये, एक प्लग असतो. तो काढून तिथे अडॅप्टर आणि डायल गेज लावा, सुई दोनेक मिलिमीटर दाबलेली राहील अशी. इंजिन हाताने चालण्याच्या उलट दिशेला फिरवा. सुई उतरत उतरत एका जागी थांबेल, थोडं आणखी फिरवलं तरी हलणार नाही. तिथे प्लंजर सगळ्यात मागे आहे. तिथे गेज शून्यावर आणा. मग इंजिन चालण्याच्या दिशेने, सावकाश, एक नंबरच्या टॉपच्या खुणेपर्यंत आणा. खूण ओलांडली गेली तर नुसतं इंचभर मागे येऊन जुळवू नका, चांगलं मागे जाऊन पुन्हा पुढे या, गिअरमधला खेळ निघायला पाहिजे. आता सुई जो आकडा दाखवते तो तुमचा टायमिंग. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच पाहिजे. पुष्कळ इंजिनांत तो एक मिलिमीटरच्या आसपास असतो, पण आसपासवर जाऊ नका, मिलिमीटरच्या दहाव्या भागाने इंजिनाचा आवाज बदलतो. आकडा कमी असेल तर पंपाची बॉडी शाफ्टच्या फिरण्याच्या विरुद्ध बाजूला किंचित वळवा, जास्त असेल तर फिरण्याच्या बाजूला. नट आवळा. आणि आता पुन्हा पहिल्यापासून मोजा, कारण आवळताना पंप सरकतो. लागोपाठ दोनदा तोच आकडा आला तरच प्लग बंद करा, तांब्याचा वॉशर नवा टाकून.

टायमिंग मागे राहिला तर पांढरा धूर, मेलेली ओढ, तापणारं इंजिन. पुढे गेला तर लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी टकटक, आणि काही ड्रायव्हरना ती टकटक ‘गाडी कडक झाली’ म्हणून आवडते. ती हेड गॅस्केट आणि पिस्टनच्या जिवावरची असते.

हवा काढायला हँड प्रायमर मारत राहा, ओव्हरफ्लोमधून बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत. मग सेल्फ मारण्याआधी इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा, कुठे अडत नाही ना बघा. नोझलकडचे चारही नट एक फेरा ढिले करा आणि सेल्फ मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती. डिझेल आलं की सेल्फ थांबवून एकेक नट आवळा. सेल्फ फिरत असताना डोळ्यांवर चष्मा पाहिजे आणि तोंड, हात त्या नटांजवळ नको. पाईप पाझरतोय का ते बोट फिरवून कधीही बघू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. शेकडो बार प्रेशरने निघालेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत बोट काळं पडायला लागतं. असं झालं तर धुऊन मलम लावून घरी बसायचं नाही, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात सर्जनकडे जायचं आणि ‘प्रेशरचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. उशिरा गेलेल्याचं बोट गेलेलं मी पाहिलं आहे. आणि इंजिन लवकर उचलावं म्हणून एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळाही लावू नका. सेल्फवर दम धरा.

तुमची गाडी कॉमन रेल (एकाच प्रेशरच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी) असती तर यातलं बरंच लागू पडलं नसतं. तिथे डायल गेजचं टायमिंग नाही, पाईप ढिले करून हवा काढायची नाही, आणि पंपाने चकचकीत धातूचा चुरा सोडला असेल तर रेल, इंजेक्टर, टाकी सगळं धुतल्याशिवाय नवा पंप लावायचा नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. तुमचा पंप कशाने मेला?

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पिकअप आली होती, पोकलेनला डिझेल पोहोचवणारी. साइटवरच्या बॅरलमधलं डिझेल हीच पिकअपही पीत होती. हेड खाल्लेलं होतं, मी नवा पंप बसवला, टायमिंग मिळवला, गाडी सुंदर चालली. मालकाला घाई होती, मीही टाकी उघडायचा आग्रह धरला नाही. बाविसाव्या दिवशी गाडी टोचन लावून परत आली. पंप उघडला तर प्लंजरवर चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा आणि व्हेन पंपाच्या पात्यांवर गंज. टाकी खाली केली तेव्हा तळाशी दोन तांबे पाणी निघालं. चूक माझी होती, पंपाची मजुरी मी घेतली नाही, पण पंपाचे पैसे त्या माणसाला दोनदा पडले.

ते पाणी कुठून आलं ते नंतर त्या साइटवर जाऊन बघितलं. बॅरल उघड्यावर उभे ठेवलेले होते. पावसाचं पाणी वरच्या कडेच्या आत तळं करून साचतं, झाकणाच्या पातळीच्या वर. दिवसा बॅरल तापतो, आतली हवा झाकणातून बाहेर जाते. रात्री गार होतो आणि आत हवा ओढताना तेच पाणी झाकणाच्या आट्यांतून आत घेतो. झाकण घट्ट आहे, डिझेल गळत नाही, तरी रोज थोडं पाणी आत. शेतावर ट्रॅक्टरसाठी बॅरल ठेवत असाल आणि त्यातून कधीमधी पिकअपलाही टाकत असाल, तर बॅरल छपराखाली ठेवा, नाहीतर आडवा. आणि हातपंपाची नळी तळाला टेकवू नका, चार बोटं वर ठेवा.

रॉकेलचं तसंच. डिझेलचा जाडपणा ४० अंश सेल्सिअसला २ ते ४.५ सेंटिस्टोकमध्ये असायला हवा, रॉकेल त्याहून पातळ आणि वंगणाला कच्चं. शिवाय १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे १० पीपीएम सल्फरचं डिझेल येतं, बीएस ३ या जुन्या प्रदूषण नियमांच्या काळात ते ३५० होतं. सल्फर काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणाचा गुणही जातो, तो रिफायनरी रसायन मिसळून भरून काढते. म्हणजे चांगल्या पेट्रोल पंपावरच्या डिझेलला भीती नाही, पण त्यात भेसळ झाली तर आता मागचा आधार उरलेला नाही. डिझेलमध्ये टू-टी ऑइल टाकू का असं पुष्कळ जण विचारतात. झिजलेला प्लंजर त्याने भरून येत नाही. तेच पैसे फिल्टरला लावा.

म्हणून नवा किंवा दुरुस्त पंप लावण्याच्या आदल्या दिवशी टाकी उतरवा, पूर्ण रिकामी करून धुवा, आतली जाळी काढून बघा, लाइन हवेने साफ करा, होज तडकलेल्या असतील तर सगळ्या बदला, फिल्टर नवा टाका. वॉटर सेपरेटर असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला त्याचा खालचा स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल घ्या, पाणी तळाशी वेगळं दिसतं.

गाडी चालू झाली की लगेच वाशीचा माल भरू नका. आधी एक दिवस रिकामी चालवा, चांगली गरम करा, बंद करून पूर्ण एक तास उभी ठेवा आणि मग सेल्फ मारा. तिथे पास झाली की मग भाडं. हजारएक किलोमीटर झाल्यावर तो नवा फिल्टर, चांगला दिसत असला तरी, काढा. पत्र्याचा डबा कापून आतला कागद पांढऱ्या ताटात उलगडा आणि उन्हात बघा. नुसता काळपट असेल तर ठीक. तपकिरी गंजाचे कण असतील तर टाकीचा पत्रा आतून सुटलाय, टाकी बदला. चकाकणारे कण असतील तर ते डिझेलबरोबर बाहेरून आलेले असतील, किंवा पंपाच्या रिटर्नमधून टाकीत जाऊन फिल्टरमध्ये अडकलेले. मग डिझेल कुठून भरता ते ठिकाण आधी बदला आणि त्या कागदाचा फोटो मला पाठवा.